अंधारी खोली, छिद्र दोन मिलिमीटर

देवगडात बंदराकडे उतरताना डाव्या हाताला
बर्फाचा जुना कारखाना लागतो. आता तेच विज्ञान केंद्र.
भिंतींना अजून अमोनियाचा वास आहे.
मी इथला सहायक. मानधनावर. म्हणजे
मान महिन्याच्या महिन्याला, धन मार्चनंतर.

तारांगणाचा दिवा गेला तो गणपतीच्या आधी.
प्रस्ताव ओरोसला गेला, ओरोसहून मुंबईला,
तिथून विचारणा आली, दिवा गेल्याचा पुरावा काय.
मी काळी पडलेली काच पेंढ्यात गुंडाळून
पोस्टाने पाठवली. पोच आली नाही.
मग लंबक थांबला, तार गंजली. खारा वारा
शासन निर्णयाची वाट बघत नाही.

दुसरा हप्ता आला नाही, फ्लेक्स मात्र आला.
सायबर सुरक्षा जनजागृती. आठ बाय दहा.
हसणारी मुलगी, हातात कुलूप, खाली हेल्पलाइन.
सोबत पत्र: लावल्याचा फोटो त्याच दिवशी ग्रुपवर टाकावा.
टाकला. सतरा अंगठे आले.

चालू राहिली एकच गोष्ट, अंधारी खोली.
तिला दिवा लागत नाही, तार लागत नाही.
बंदराकडच्या दारात एक भोक, दोन मिलिमीटर,
आणि समोरच्या भिंतीवर बंदर उलटं उतरतं:
ट्रॉलर आभाळात खाली डोकं वर पाय,
पाणी छपराला चिकटलेलं, सांडत नाही.

हर्षाली कोयंडे एका मंगळवारी एकटीच आली.
नववीत असेल. तिकीट पाच रुपये,
तिने दहा दिले, सुटे मागितले नाहीत.
खोलीत बराच वेळ उभी. मग भिंतीकडे बघतच म्हणाली,
"सर, तोंड माझां हा. आंग माझां नाय."

मला वाटलं, चित्राबद्दल बोलतेय.
तिने फोन पोटाशी पालथा धरला होता.
मी पाहिला नाही. पाहायचा नसतो, एवढं मला कळतं.
विचारलं, पैसे मागतोय?
"पैशे नाय. अजून एक मागता. खरो."

फ्लेक्सपाशी गेलो. नंबरातला शेवटचा आकडा
खिळ्याखाली गेलेला. मीच ठोकलेला खिळा.
पकडीने उपटला. फ्लेक्स फाटला,
मुलीचं हसू कानापर्यंत गेलं.
फोनवर आधी बासरी वाजत राहिली, मग बाई बोलल्या.
चांगल्या होत्या. पण अर्ज भरावाच लागतो.
वय. पालकांचे नाव. घटनेचे ठिकाण.
"ठिकाण काय लिवू? ह्यां खंय घडलां?"

अकरा वर्षं मी पोरांना सांगत आलोय,
प्रकाश सरळ रेषेत जातो,
म्हणून वरचं खाली येतं, खालचं वर,
आणि कुठलं कुठून आलं ते बोटाने दाखवता येतं.
हे कुठून आलं ते मला दाखवता येईना.
शेवटी लिहिलं, देवगड, तालुका देवगड.

तक्रार क्रमांक तिकिटाच्या मागे उतरवला.
"आवशीक तुमी सांगशात?"
"तू सांग. मी दारात उभो रवतंय."
राहिलो. आत भांडं पडल्याचा आवाज आला,
मग बराच वेळ काहीच नाही,
मग आवशीने मला आत बोलावून चहा दिला.
साखर घालायची राहिली होती. प्यायलो.

मार्चअखेर. उपयोगिता प्रमाणपत्र, तीन प्रतींत.
सर्वाधिक प्रतिसाद मिळालेले दालन: अंधारी खोली.
त्यावरील खर्च: निरंक.
दिव्याची मागणी पुन्हा जोडली आहे.
आजच्या टपालात विचारणा आहे,
फ्लेक्स कसा फाटला याचा खुलासा करावा.
खुलाशाला चार ओळींची जागा. कोरीच आहे.

तक्रारीचं अजून काही कळलेलं नाही.
परवा हर्षाली धाकट्या भावाला घेऊन आली.
माझ्याकडे बघितलं नाही. खोलीत त्याला सांगत होती,
"उलटां दिसतां म्हणजे बरोबर हा."
निघताना मागचे पाच रुपये मी तिला परत दिले.
तिने नाणं उलटसुलट करून बघितलं, मग घेतलं.